पैनगंगेच्या मध्यापर्यंत

सावंगीला जायचं मी ठरवलं ते यूसुफचा व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी. खरं तर जायचं त्याला होतं, मी नुसता सोबत. पण त्याच्या अर्जावर हिंदुस्थानातला ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव होतं, पत्ता माझ्या शाळेचा होता, आणि अर्ज कसा भरायचा हेही मीच त्याला कळवलं होतं. तेव्हा सोबत जाणं हा काही उपकार नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. प्रवासाबद्दल लिहिताना माणूस स्वतःला जरा बरा रंगवतो, आणि ती सवय मलाही आहे.

यूसुफ आणि मी एका गावचे. उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या अगदी काठावर, सावंगी नावाचं पन्नासेक उंबऱ्यांचं गाव आहे. गावात मुसलमानांची घरं तीन, त्यांतलं एक त्याचं. माझं घर गावाबाहेर, ज्याला आम्ही आता बौद्धपुरा म्हणतो आणि गाव अजून जुन्याच नावाने ओळखतं तिथे. चौथीपर्यंत आम्ही एका फळ्यासमोर शिकलो, तो आत बसून, मी दाराशी. पुढे अमरावतीला कॉलेजात एका खोलीत राहिलो. मी यवतमाळला मास्तर झालो. तो १९५० साली कराचीला एका कापडाच्या पेढीत कारकुनी करायला गेला, दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाले, आणि गेलेल्याच्या मागे दार लागलं. त्याची आई आणि विधवा बहीण हलिमा सावंगीतच राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात आई अंगणात पडली आणि अंथरुणाला खिळली. हलिमाने यवतमाळला निरोप धाडला, मी कराचीला पत्र टाकलं. त्याच सुमारास दोन्ही देशांत सिंधूच्या पाण्याचा करार झाला. वर्तमानपत्रात हात हातात घेतलेले फोटो आले. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो होतो, की ज्यांना नद्या वाटून घेता येतात त्यांना माणसंही सोडता येतील. विज्ञानाचे मास्तर हसले होते. मला त्यांचा राग आला होता.

यूसुफने अर्ज मागवला आणि मला विचारलं, "कोणकोणत्या गावी जाणार यासाठी तीन ओळी आहेत. सावंगी तर लिहितोच. करोडी लिहू का? अब्बांच्या कबरीवर फातिहा पढून यावं म्हणतो."

इथे करोडीबद्दल सांगायला हवं. सावंगीतल्या तीन मुसलमान घरांना कब्रस्तान नाही, कधीच नव्हतं. त्यांचं मयत नदी ओलांडून समोरच्या करोडीला जातं, आजही. आम्ही लहान असताना अलीकडचा काठ वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा, आणि पलीकडचा निजामाचा. उताराच्या जागी नाकं होतं. कापड, मीठ, तंबाखू, सगळ्यांची झडती व्हायची. पण खांद्यावर मयत आलं की नाक्यावरचा शिपाई उठून उभा राहायचा आणि बांबू वर करायचा. कोणाचं, कुठलं, काही विचारत नसे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढे निजाम गेला, नाक्याची दारं लोकांनी चुलीत घातली, छप्पन साली दोन्ही काठ एका राज्यात आले. आता मधे उरली आहे फक्त जिल्ह्याची शीव. अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड.

मी त्याला उत्तर लिहिलं, "एकच गाव लिही." कारणंही दिली. एक, करोडी जुन्या हैदराबाद संस्थानातलं, त्या बाजूचं नाव पाहून उगाच शंका येईल. दोन, जितकी गावं कमी तितका अर्ज लवकर सुटतो. तीन, जिवंत आईला भेटणं महत्त्वाचं, कबर कुठे जात नाही. तिन्ही कारणं मला तेव्हा सरळ आणि शहाणपणाची वाटली.

तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. कराचीहून खोकरापारची गाडी, मग जोधपूर, मग अहमदाबादवरून भुसावळ, मूर्तिजापूर, आणि तिथून आपली छोटी गाडी. पाच दिवस लागले. यवतमाळच्या स्टेशनावर उतरला तेव्हा प्रथम मी ओळखलंच नाही. केस पांढरे, अंगात कोट. हातातली वळकटी खाली ठेवून म्हणाला,

"काहून रे नाम्या, पोट काढलं का लेका?"

अकरा वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य. मी हसलो. त्याला धरल्यावर कोटाच्या आत हाडंच हाताला लागली.

चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे हजेरी लावावी लागते, म्हणून घरी न जाता आधी तिकडेच गेलो. ज्यांच्याकडे असे पाहुणे येणार असतील त्यांच्या माहितीसाठी सांगतो : पासपोर्ट, दोन फोटो आणि यजमानाची चिठ्ठी सोबत ठेवावी, सकाळी अकराच्या आत जावं, नंतर साहेब फिरतीवर निघतात. टेबलामागच्या कारकुनाने पासपोर्ट पानापानाने वाचला.

"सावंगी. बस, एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

"बरं केलं. लोकं धा-धा गावं लिहितात, अन् मंग आमचा जीव खातात. तुमचं कसं साफ हाये."

दहा मिनिटांत शिक्का बसला. बाहेर आल्यावर मी यूसुफला म्हणालो, "पाहिलं?" ते एक 'पाहिलं' मला आजवर टोचतं.

दुसऱ्या दिवशी उमरखेडची गाडी. ती सकाळी सातला सुटते. अंतर सत्तरेक मैल, तिकीट साडेतीन रुपयांच्या आतबाहेर, वेळ कागदावर चार तास, प्रत्यक्षात सहा. कापसाचे दिवस असतील तर पुढची जागा धरावी. मागे गाठोडी चढतात आणि खिडक्यांना काचा नाहीत. आर्णीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मुरूम, आणि महागावानंतर दगडच जास्त. थंडी इतकी होती की कंडक्टर कानाला मफलर गुंडाळून तिकिटं फाडत होता. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, पऱ्हाटीची बोंडं उललेली. यूसुफ खिडकीला नाक लावून बसला होता. 

आर्णीला गाडी वीस मिनिटं थांबते. स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी ताजी असतात आणि चहा दोन आण्यांना. नव्या हिशेबाने बारा पैसे, पण हॉटेलवाला आणेच म्हणतो. नवे पैसे यूसुफ हातात घेऊन पाहत होता.

"आमच्याकडंबी याच महिन्यात सुरू झाले," तो म्हणाला. "अन् तिकडंबी लोकं आणेच म्हणून राह्यले."

'आमच्याकडं' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि दोघांच्याही लक्षात आला. मी भज्याकडे पाहिलं.

आर्णीला एक लाल पागोट्याचे म्हातारे नाईक चढले. नाईक म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्याचे प्रमुख. ते समोरच्या बाकावर बसले आणि रीतीप्रमाणे चौकशी सुरू झाली.

"कोन्या गावाले, बापू?"

"सावंगीले," यूसुफ म्हणाला.

"अन् राहता कोठी?"

"कराचीले."

आजूबाजूची बोलणी थांबली. नाईक मात्र मजेत मान हलवत होते.

"लय दूर. समुद्रापाशी हाये म्हणतात. मीठ होते काय तिकडं?"

"होते ना."

"माहा आजा मीठ आणे, बैलाईच्या पाठीवर. पैनगंगेच्या पल्याड निजामाचे शिपाई अडवत, अल्याड इंग्रजाचे. आजा म्हणे, बैलं दोन्हीकडचं गवत खाऊन मोकये, झडती मात्र माही!"

लोक हसले. मागून एक आवाज आला, "कराचीवाल्याले सोडलं कसं म्हनतो मी पोलिसाईनं? कोणी पुसत नाई काय?"

नाईक वळलेही नाहीत. "तिकीट काढून बसला हाये ना बाप्पा. तुह्या मांडीवर थोडाच बसला?"

पुन्हा हशा झाला. यूसुफही हसला, पण त्याने हात कोटाच्या आतल्या खिशावर नेला, पासपोर्ट जागेवर आहे का पाहिला, आणि हात तिथेच ठेवला. मी त्या वेळी काहीच बोललो नाही. माझ्या बाजूच्या बाकावर पुसदच्या शाळेतले एक ओळखीचे मास्तर होते. त्यांनी मला पाहिलं होतं. मी त्यांना नमस्कार केला आणि यूसुफची ओळख करून दिली नाही. डायरीत ही गोष्ट मी तीन दिवस लिहिली नाही.

महागाव सोडल्यावर तो एकदम म्हणाला, "नाम्या, तू धर्म बदलला, तुले गाव सोडावं नाई लागलं. म्या धर्म ठेवला अन् गाव गेलं. कोणाचं बरं झालं?"

मी म्हणालो, "गाव मलाही मिळालेलं नाही अजून. फक्त व्हिसा लागत नाही."

उमरखेडला दुपारी एकला पोचलो. पुन्हा ठाणं, पुन्हा हजेरी. तिथे किसनराव जमादार भेटले. पन्नाशीचे, खाकी अर्धी चड्डी, पायांत जाडजूड बूट. एक दिवसाआड सायकलने सावंगीला येऊन पाहुण्याची सही घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. सात मैल जायचं, सात मैल यायचं. ते त्याबद्दल कुरकुरले नाहीत. "तेवढंच हवा खाणं होते," म्हणाले.

उमरखेड ते सावंगी बैलगाडीने तीन तास लागले. काळ्या मातीत चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की पाठीला सुट्टी नाही. सोबत पाणी ठेवावं.

मौसी, यूसुफच्या आईला मी लहानपणापासून मौसी म्हणतो, ओसरीतल्या बाजेवर होत्या. चादरीखाली माणूस आहे असं वाटू नये इतक्या खंगलेल्या. घरात त्या दखनी बोलत, बाहेर वऱ्हाडी. यूसुफ बाजेशी गुडघ्यांवर बसला.

"अम्मा, मैं आया."

त्यांनी हात उचलला. तो त्याच्या गालावरून फिरला, कोटाच्या कापडावर थांबला.

"दुबला हुआ रे. वां खाने को नहीं देते क्या?"

मग मला शोधलं. नजर अधू झाली होती. "नामदेव, तूच लाया ना इसको?"

"हो मौसी."

"तेरा भला होवे."

या घरातल्या माठातलं पाणी मी स्वतःच्या हाताने घेत असे, जेव्हा सावंगीत दुसऱ्या कुठल्या माठाला मी हात लावू शकत नव्हतो. त्या घरातला आशीर्वाद मी खाली मान घालून घेतला. त्या घटकेला मला तो मिळालाच पाहिजे असं वाटत होतं, हे खरं.

पुढचे तीन दिवस बरे गेले, इतके बरे की मी शाळेला रजा वाढवल्याची तार केली. हलिमा ज्वारीच्या भाकरी थापायची, तव्यावर तुरीचे ओले दाणे परतायची. गावातले लोक येऊन बसायचे. पाटील आले, कराचीत कापसाचा भाव काय म्हणून विचारून गेले. किसनराव आले, सही घेऊन गेले. मौसी चमच्याने दूध घेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या यूसुफला म्हणाल्या, "मेरेको उनके बाजू में रखना. जगा रखी है." तो म्हणाला, "रखूंगा, अम्मा." मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. अर्ज, ओळी, शीव, काहीही नाही. इतका नेमका माणूस मी, मुलांच्या वह्यांतली एक वेलांटी सोडत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन ओसरीत येत होतं तेव्हा मौसी गेल्या. हलिमा आत ओरडली ते ऐकून शेजारपाजारचे धावले. बायका आत गेल्या, पाणी तापायला ठेवलं. करोडीला माणूस पाठवला, खड्डा खणायला सांगायला आणि मौलवींना आणायला.

नवाच्या सुमाराला किसनराव आले, तो त्यांचा दिवसच होता. त्यांनी सायकल चिंचेला टेकवली, टोपी काढली. मग मला हळूच विचारलं,

"मास्तर, माती कुठं?"

"करोडीला. पलीकडे."

 त्यांनी यूसुफकडून पासपोर्ट मागून घेतला, उन्हात धरून वाचला, ओळीवर बोट फिरवून पुन्हा वाचला.

"मास्तर, यात करोडी नाई."

 मी म्हणालो, "दोन फर्लांग आहे हो. इथून दिसतंय."

"दिसते तर नांदेडबी. पण जिल्हा दुसरा. हे माह्या हातात नाई, सायब देतीन तर देतीन."

मी त्यांचीच सायकल घेऊन उमरखेडला गेलो. त्या रस्त्यावर कशी चालवली आठवत नाही, एकदा पडलो एवढं आठवतं. ठाण्यातले अधिकारी सभ्य माणूस होते. त्यांनी यवतमाळला फोन जोडून मागितला. तासाने लागला. मोठे साहेब वणीकडे दौऱ्यावर. त्यांच्या जागी जे होते त्यांनी सांगितलं, की व्हिसातलं गाव वाढवायचं तर अर्ज मुंबईला जातो. अधिकारी रिसीव्हर ठेवून म्हणाले, "अर्जातच लिहिलं असतं तर काही प्रश्न नव्हता. कोणी भरून दिला होता?"

मी म्हणालो, "मीच."

 त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

परतलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मौसींना नेण्याची सगळी तयारी झाली होती आणि अंगणात वाद चालला होता. पाटील म्हणत होते, "चाला ना बे. कोण पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो ना, पाटील," किसनराव म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "म्या डोये मिटले तरी पल्याडचं ठाणं मिटत नाई. उद्या कोणी चिठ्ठी टाकली तर याले बेड्या, माही भाकर जाईन, अन् मास्तरचं नाव वर लिहिलं हाये."

करोडीहून आलेल्या मौलवींनी दुसरा मार्ग सुचवला. उमरखेडला मोठं कब्रस्तान आहे, ते याच जिल्ह्यात. बैलगाडीने न्या, संध्याकाळपर्यंत होईल, मुलगा स्वतः आईला कबरीत उतरवू शकेल. सगळे यूसुफकडे पाहायला लागले. त्याच्यापुढे आता दोनच गोष्टी होत्या : आईला तिला हवं होतं तिथे ठेवायचं, नाही तर स्वतःच्या हाताने ठेवायचं.

आतून हलिमा म्हणाली, "भाईजान, तुम बोलो वैसा."

यूसुफ पारापर्यंत चालत गेला, परत आला. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "तू जा पलीकडे. माझं काय व्हायचं ते होऊ दे." हे बोललो खरं. पण बोलताना आवाज मी अगदी खाली ठेवला होता. किसनरावांना ऐकू गेलं असतं तर ते शब्द मला पाळावे लागले असते.

यूसुफने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझा आवाज लहानपणापासून माहीत आहे.

"नाई रे. तुही नोकरी जाईन. अन् हलिमा मांगं राह्यते. पुन्हा कधी यावं लागलं तर?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "अम्मा करोडीलेच जाईन. म्या कबूल केलं हाये तिले."

जनाज्याची नमाज करोडीत व्हायची, ती मौलवींनी अलीकडच्या काठावर, वाळूत घेतली, यूसुफला मिळावी म्हणून. बौद्धपुऱ्यातले, तांड्यावरचे, पाटलांच्या घरचे, सगळे मागे उभे होते. मग जनाजा उचलला. पुढचा उजवा खांदा यूसुफचा.

पाण्याशी आल्यावर सगळे क्षणभर थांबले. किसनराव पुढे आले. "नदीच्या मधात शीव हाये," ते म्हणाले. "तो काया गोटा हाये ना, तिथलोक आपला जिल्हा. तिथलोक कोणाच्या बापाले अडवता येत नाई."

तो काळा गोटा म्हणजे पैनगंगेच्या मध्यात उभा असलेला हत्तीएवढा दगड. लहानपणी आम्ही त्याच्यावरून उड्या मारायचो, यूसुफ निजामाच्या बाजूला, मी इंग्रजांच्या. तोच आता यवतमाळ आणि नांदेड वेगळे करतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

जानेवारीचं पाणी, गुडघ्यापर्यंत, बर्फासारखं. तळाशी शेवाळलेले गोटे. सगळे जपून पाय टाकत होते, फक्त कलमा चालला होता. दगडाशी आल्यावर यूसुफ थांबला. करोडीच्या एका माणसाने पुढे होऊन आपला खांदा त्याच्या खांद्यामागे लावला. यूसुफने लाकडावरून हात काढला नाही. जनाजा पुढे सरकत होता, लाकूड त्याच्या तळव्याखालून जात होतं, शेवटचं टोक आलं आणि गेलं. हात तसाच हवेत राहिला.

मी त्याच्याजवळ थांबलो होतो. तो म्हणाला, "तू जाय. तुले कोण अडवते? माह्या नावानं माती टाक."

मी गेलो. शाळेत दाराशी बसणारा मी, त्या दिवशी मला कुठलाही काठ बंद नव्हता. अब्बांच्या शेजारी जागा खरोखरच राखलेली होती, वर बोरीच्या काट्या घालून. मौलवींनी शिकवलं तशी मी तीन मुठी माती टाकली, आणि प्रत्येक मुठीला मनात त्याचं नाव घेतलं. तिथून नदी स्पष्ट दिसते. काळ्या गोट्याशी यूसुफ पाण्यात उभा होता, तोंड आमच्याकडे, हात दुव्यासाठी उघडलेले. त्याच्या शेजारी दोन हातांवर किसनराव उभे होते. बूट हातात, उघडे पाय पाण्यात. आम्ही परत येईपर्यंत ते दोघे तसेच होते. ऊन कलत आलं होतं. यूसुफचे ओठ निळे पडले होते.

"किती मुठी?" त्याने विचारलं.

"तीन."

"बरं केलं."

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला परतलो. परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गाडी महागावला पंक्चर झाली एवढंच. निघण्याआधी अंगणात मी यूसुफला म्हणालो, "एकच गाव लिही म्हणून मी लिहिलं होतं." तो चूल फुंकत होता. वर न पाहता म्हणाला, "मले मालूम हाये. मीबी तर आयकलं."

चाळिसावा होईपर्यंत राहण्याइतके दिवस त्याच्या व्हिसात नव्हते. दहाव्याची फातिहा करून तो यवतमाळला आला, जाण्याची नोंद केली, आणि मी त्याला छोट्या गाडीवर पोचवायला गेलो. गाडी हलायच्या आधी त्याने आतल्या खिशातून एक लिफाफा काढला. माझं पत्र होतं.

"हे तुह्यापाशीच ठेव. सरहद्दीवर कागद पाहतात. तुहं अक्षर कायले तिकडं न्यावं?"

तेव्हाही तो माझाच विचार करत होता. की नव्हता? मला ठरवता येत नाही, आणि पत्रातून विचारावी अशी ही गोष्ट नाही.

घरी येऊन मी ते पत्र उघडलं. मग त्या दिवसाची डायरी काढली. डायरीत आहे : "यूसुफला उत्तर पाठवले. थंडी सुरू." एवढंच. पत्रात आहेत ती तीन कारणं, क्रमाने, एक-दोन-तीन. चौथं कुठेच नाही. ते असं होतं, की ओळखीच्या माणसाच्या रकान्यात माझं नाव होतं, आणि जुन्या निजामी गावाचं नाव त्याच कागदावर आलं तर उद्या चौकशी शाळेत येईल असं मला वाटलं. कोणी आलं नसतं कदाचित. दोन सरकारांनी एकमेकांवर जितका अविश्वास धरला होता त्यात आणखी थोडा मी माझ्याकडून घातला. त्या तीन ओळी छापणाऱ्याने निदान तीन तरी ठेवल्या होत्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं तिकडे कोणी असेल, आणि ते येणार असतील, तर माझा एवढाच सल्ला आहे. गाडी सातची धरा, आर्णीला खाऊन घ्या, पोलिसांकडे अकराच्या आत जा, आणि अर्जातल्या सगळ्या ओळी भरा. आधी जिवंतांची गावं, मग गेलेल्यांची. नाही म्हणायचं असेल तर ते म्हणतील. त्यांच्या वतीने आपण आधीच म्हणू नये.

पत्र मी डायरीतच ठेवलं आहे. "एकच गाव लिही" याच्या खाली मी दोन रेघा मारल्या होत्या. पट्टी लावून.